गाठ काढायची, पण कुणाच्या हातून?

हातातलं काम चालू राहू द्या, पण कान इकडे द्या. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो चारचौघींत काढायची आपल्याला सवय नाही. विषय आहे स्तनातल्या गाठीचा. अंगावर घरातली पुरुष मंडळी असतील तर त्यांनाही ऐकू द्या, कारण दवाखान्यात पैसे भरायला आणि सही करायला बहुतेक वेळा तेच येतात.

आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी आम्हाला सांगितलं, "माझं नाव घेऊ नका, पण माझं काय झालं ते सगळ्या बायांना सांगा." म्हणून सांगतो.

काकूंना अंघोळ करताना गाठ हाताला लागली. सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून सुगी संपेपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग तालुक्याच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी नुसता हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "चरबीची गाठ आहे. उद्या या, अर्ध्या तासात काढून टाकू." बारा हजार रुपये सांगितले. ते कर्ज आमच्याच गटाने दिलं. हप्ते किती, व्याज किती, हे आम्ही वहीत नीट लिहून घेतलं. पण गाठ कोण काढणार, आधी तपासली का, हे आमच्यातल्या एकीनेही विचारलं नाही.

दहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ आली आणि काखेतही एक लागली. आता जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीच्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?" रिपोर्ट नव्हताच. ती गाठ तपासायला पाठवलीच नव्हती. या वेळी तपासणीत कॅन्सर निघाला. मोठं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले. काकू आज बैठकीला येतात, आमच्यासोबत हसतात. पण हातातून गेलेले ते दहा महिने आम्हाला विसरता येत नाहीत.

मैत्रिणींनो, बकरी घेताना आपण तिचे दात बघतो. बियाणं घेताना पिशवीवरची तारीख बघतो, पावती मागतो. मग आपल्याच अंगावर सुरी चालणार असते, तेव्हा आपली जीभ का उचलत नाही? म्हणून आज तीन प्रश्न सांगतो. ते पाठ करा.

पहिला प्रश्न: ही गाठ कसली आहे, हे तपासून झालं का?

नुसता हात लावून गाठीचा स्वभाव कळत नाही. डॉक्टरांनी आधी दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा तपासायच्या. मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करायची. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. आणि संशय असेल तर बायोप्सी. यात जागा बधिर करतात आणि जाड सुईने गाठीचे शेवयांसारखे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवतात. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं गावोगाव बोललं जातं. ते खरं नाही. बायोप्सीला भिऊ नका.

आधी तपासणी का? कारण गाठ कॅन्सरची निघाली तर ऑपरेशनची आखणीच वेगळी होते. गाठीभोवतीचा निरोगी भाग किती घ्यायचा, काखेतल्या गाठींचं काय करायचं, आधी केमो देऊन गाठ लहान करायची का, हे सगळं आधी ठरवावं लागतं. आणि कॅन्सर म्हटला की दर वेळी पूर्ण स्तन काढावाच लागतो असंही नाही. गाठ लवकर सापडली तर पुष्कळ बायांचा स्तन वाचवून, वर शेक म्हणजे रेडिएशन देऊन, तितकाच चांगला इलाज होतो. आंधळेपणाने कापलं तर ही संधी जाऊ शकते.

दुसरा प्रश्न: सुरी कुणाच्या हातात असणार?

पाटीवर 'सर्जन' लिहिलंय, एवढ्यावर समाधान मानू नका. एम.बी.बी.एस. ही डॉक्टरकीची पहिली पदवी. त्यानंतर शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या नावापुढे एम.एस. जनरल सर्जरी किंवा डी.एन.बी. जनरल सर्जरी असं असतं. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचं आणखी वेगळं शिक्षण घेतलेल्यांच्या नावापुढे एम.सीएच. सर्जिकल ऑन्कोलॉजी असं असतं. गाठ कॅन्सरची असेल तर शक्यतो अशाच डॉक्टरांकडे जा.

नोंदणी क्रमांकही बघा. तो दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकला की नोंदणी दिसते. ही नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी विचारा: ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की बाहेरून कुणी येणार? येणार असतील तर त्यांचं नाव लिहून द्या. पूर्ण भूल देणार असाल तर भूलतज्ज्ञ कोण? स्तनाची अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडला, त्याने आपल्याला उत्तर दिलंच म्हणायचं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा आपला हक्क आहे.

तिसरा प्रश्न: काढलेली गाठ कुठे जाणार?

गाठ फॉर्मालिन नावाच्या औषधाच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे, मग ती कितीही साधी दिसो. रिपोर्ट हातात घ्या. प्रयोगशाळेत गाठीचा मेणातला तुकडा ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. पुढे इलाज लागला तर कोणतं औषध लागू पडेल हे त्यावरून तपासता येतं. म्हणून कागद जपून ठेवा. आपले कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमोही येते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. माहितीसाठी १५५३८८ हा नंबर आहे. कॅन्सरच्या इलाजासाठी मुंबईला परळचं टाटा रुग्णालय आहे, पण दर वेळी मुंबईच गाठायला हवी असं नाही. बार्शी, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची रुग्णालयं आहेत.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. हे ऐकून कुणी घाबरू नका आणि कुणी थांबूनही राहू नका. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ती साधी आहे की नाही हे तपासणीने ठरतं, आपल्या मनाने नाही. चौकशीत चार-आठ दिवस गेले तर बिघडत नाही. सुगीच्या, लग्नाच्या, सणाच्या नावाखाली महिने गेले तर बिघडतं. गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा. तिशीच्या पुढच्या बायांची स्तनांची तपासणी आपल्या उपकेंद्रातही होते.

आमच्या गटाने आता एक नियम केलाय. ऑपरेशनसाठी कुणी कर्ज मागितलं, तर आधी हे तीन प्रश्न वहीत लिहायचे आणि त्यांची उत्तरं आणायला तिच्यासोबत गटातली एक बाई जायची. कर्ज अडवायचं नाही, पण बाईला एकटी पाठवायची नाही. काकू म्हणतात, "मला तेव्हा पैशापेक्षा शेजारी बसून विचारणारी एक बाई हवी होती."

येत्या बैठकीत तुमच्याही वहीत हे तीन प्रश्न लिहून ठेवा. येतो आम्ही. काळजी घ्या.