लेकरं चढणारच आहेत

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीची सगळी मंडळी, समोर बसलेले काका-काकू, वहिनी, आणि मागं खुर्च्यांवर उभी राहिलेली लेकरं. खाली बसा रे.

मला विषय दिलाय 'घरच्या घरी केलेली खेळणी'. आमच्या घरामागं काय उभं आहे ते तुम्ही सगळ्यांनी कंपाउंडवरून पाहिलेलं आहे. आडवी शिडी, दोर, जाळी, टायरचा बोगदा आणि एक तुळई. काही जणांनी त्याला 'सर्कस' असं नाव ठेवलंय, तेही माझ्या कानावर आलेलं आहे. राग नाही. पण आपल्या ओपन स्पेसवर पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायचा ठराव पुढच्या सभेत येणार आहे, म्हणून आज जरा सविस्तर बोलतो.

सुरुवात २०२० च्या उन्हाळ्यात झाली. शाळा बंद, आमची आयटीआय बंद. मी वेल्डिंगचा शिल्पनिदेशक, म्हणजे हाताला काम नसलं की घरात सगळ्यांना त्रास. लेकरं दुपारची गायब व्हायची. शोधलं तर कुठं? पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर. तिला कुलूप लावलं, तर दुसऱ्या दिवशी काचा लावलेल्या कंपाउंडच्या भिंतीवर. तिथून खाली ओढलं, तर मेन गेटवर. लेकरू चढायचं ते चढणारच. कशावर चढू द्यायचं, तेवढंच आपण ठरवू शकतो.

माझं मूळ गाव औसा तालुक्यातलं. आमच्या लहानपणी चढायला काय कमी होतं? लिंबाचं झाड, कडब्याची गंजी, विहिरीच्या पायऱ्या, तालमीतला दोर. लातूर जिल्हा तालमींचा. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्णपदक आणणारे हरिश्चंद्र बिराजदार आमच्याच जिल्ह्यातले, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. पंचमीला लिंबाला झोके बांधले की आमच्या आया, चुलत्या, लग्न झालेल्या आत्या, सगळ्या उभ्यानं झोका चढवायच्या. बाईमाणसानं उंच जाऊ नये असं त्या दिवशी कुणी म्हणत नव्हतं. आता लातूर म्हटलं की लोकांना 'लातूर पॅटर्न' आठवतो, आणि नांदेडही त्यात मागं नाही. आठवी संपली की लेकरू क्लासला जातं ते दोन-चार वर्षांनी बारावी होऊनच बाहेर येतं. मी क्लासच्या विरोधात नाही, माझाही थोरला जातो. पण अंग कमवायची वर्षं पाच ते चौदा, त्यातली किती उरली याचा हिशोब प्रत्येक आई-बापानं आपापला करावा.

तर आम्ही काय केलं. घरामागं पंधरा बाय वीसची जागा होती. थोरल्यानं वहीत नकाशा काढला, धाकटीनं त्यात बोगदा घुसवला. खांब रोवायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आधी खालची माती बघू. आपल्याकडची काळी माती म्हणजे पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात दीड फुटावर रोवलेला खांब दोन वर्षांत डुलायला लागतो. आम्ही मुरूम लागेपर्यंत खोदलं, पावणेतीन फुटांवर लागला, आणि मग काँक्रीट केलं. भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यातला माणूस आहे मी. पायाच्या बाबतीत माझ्याशी वाद घालू नका.

आडवी शिडी सहा फूट उंचीवर आहे, दांडे एकेक फुटावर. हातात धरायचा पाईप जाड घेऊ नका. लेकराची बोटं पूर्ण वळली पाहिजेत, बाहेरून सव्वा इंच पुरे. आणखी एक गोष्ट, जी बाजारातल्या खेळण्यांतही सांभाळलेली नसते. दोन दांड्यांमधली किंवा जाळीतली फट साडेतीन इंचांहून लहान असावी, नाहीतर नऊ इंचांहून मोठी. मधल्या मापात लेकराचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. मी आपल्या सोसायटीच्या गॅलऱ्यांचे ग्रिलही त्या मापानं तपासलेत. कुणाचे कुठले ते इथं सांगत नाही, घरी येऊन सांगेन.

जाळी मात्र माझी नाही, ती आईची. मी बाजारातून नायलॉनची दोरी आणली होती. आईनं हातात घेतली, ओढली आणि म्हणाली, "ह्यानं लेकराचे हात सोलतेत." खरं होतं, नायलॉनवरून घसरलं की तळवा भाजतो. मग सुती दोर आणला. आईनं चौकटीवर जाळी विणली ती बाज विणतात तशी, आडवं-उभं ताणत, प्रत्येक गाठीवर टाच देऊन. तिचं वय अडुसष्ट. दोन दिवस ती अंगणात बसली होती आणि धाकटी तिच्याकडून गाठी शिकत होती. आमच्या सौ.नी टायरला भोकं पाडायचं काम अंगावर घेतलं. टायरमध्ये पाणी साचलं की डेंग्यूचे डास आलेच, म्हणून प्रत्येक टायरला खालच्या बाजूनं चार भोकं. ड्रिल मशीन त्या माझ्यापेक्षा बरं चालवतात. हे मी माझ्या विद्यार्थ्यांसमोर बोलत नाही.

तुळईचं थोडं सांगतो. ती गावाकडच्या माळवदाची. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं वजन असलेली माळवदं, त्याखाली सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या भिंतीला तडे गेले, माणसं वाचली. पण त्यानंतर आई त्या माळवदाखाली झोपायला तयार नव्हती. वडिलांनी माळवद उतरवलं, पत्रे टाकले, आणि तुळया गोठ्यात पडून राहिल्या. त्यातली एक मी टेम्पोतून नांदेडला आणली, रंधा मारला, आणि जमिनीपासून नऊ इंचांवर आडवी बसवली. लेकरं तिच्यावरून हात पसरून तोल सांभाळत चालतात. आई पहिल्यांदा बघून काही बोलली नाही. नंतर एकदा संध्याकाळी चप्पल काढून ती स्वतःच त्यावरून, माझा हात धरून, या टोकाचं त्या टोकाला गेली.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी फॅड. तर ऐका. चार्ल्स हिंटन नावाचे एक इंग्रज गणितज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानात शिकवत होते. पोरांना लांबी-रुंदी-उंची अंगानं कळावी म्हणून त्यांनी घरी बांबूचा चौकटी-चौकटींचा सांगाडा बांधला. ते आकडे पुकारायचे आणि पोरांनी चढून नेमक्या त्या सांध्यावर जायचं. त्यातलाच एक मुलगा, सेबॅस्टियन, पुढं शिकागोत पेटंटचा वकील झाला. वडिलांचा तो सांगाडा आठवून त्यानं लोखंडी पाईपचा केला, १९२० साली अर्ज केला आणि १९२३ साली पेटंट मिळवलं. बागेत आपण ज्याला जंगलजिम म्हणतो ते हेच. म्हणजे त्याची सुरुवातही एका बापानं घरी बांबू बांधूनच केली.

आणि आपला मल्लखांब? निलंग्याच्या पलीकडं बसवकल्याण आहे, चालुक्यांची जुनी राजधानी. तिथला राजा सोमेश्वर, त्यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढं दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ती विद्या पुन्हा उभी केली. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली, परदेशातली पोरं आली होती. मी घरी मल्लखांब उभा केला नाही, ते मुद्दाम. एरंडेल लावलेल्या खांबावर उस्तादाशिवाय जाऊ नये. दोरही आमच्याकडं फक्त चढायला आणि उतरायला आहे, उलटं लटकून आसनं करायला नाही. कुणाला शिकायचं असेल तर शिकवणारा माणूस शोधू, आधी नाही.

आता मुख्य प्रश्न, जो गेल्या सभेत एका काकांनी विचारला. पडलं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. लेकरं पडतात. आमच्याकडं चार-पाच वर्षांत किती पडली मोजली नाहीत. पडली ती वाळूत. शिडीखाली आणि तिच्या चारी बाजूंनी सहा-सहा फूट, एक फूट जाडीची चाळलेली नदीची वाळू आहे. क्रश सँड चालत नाही, ती दबून घट्ट होते. तीन ब्रास लागली आणि सगळ्यात जास्त खर्च तिचाच झाला, पाईपपेक्षा जास्त. दर रविवारी दाताळ्यानं ती उकरायची, रात्री ताडपत्री टाकायची, नाहीतर गल्लीतल्या मांजरांना ती आयती सापडते. मे महिन्यात नांदेडचं ऊन ठाऊकच आहे, दुपारी पाईपला हात लावला तर फोड येईल. म्हणून अकरा ते पाच शिडी बंद, तशी पाटीच लावली आहे.

आणि टाकीवरून पडलं तर जबाबदार कोण, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

ओपन स्पेसवर गाड्या लावू नका असं मी म्हणत नाही, मलाही गाडी आहे. पण उत्तरेकडचा कोपरा, वडाच्या बाजूचा, साधारण तीस बाय चाळीस, तेवढा मातीचा राहू द्या. ले-आउटमध्ये ती जागा मोकळी दाखवलीय ती लेकरांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठीच. पाईप भंगारातून नको, नवा घेऊ. वेल्डिंगची मजुरी मी घेणार नाही. प्रत्येक सांध्याची जबाबदारी माझी, तसं सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून देतो. महिन्यातून एकदा गाठी, नट-बोल्ट, वाळूची जाडी तपासायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. त्या कामाला दोन आई-बाप आळीपाळीनं हवेत. नुसता वॉचमन नको.

ठराव मंजूर झाला तर पुढच्या रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आधी, खड्डे खोदायला लागू. पहारी माझ्याकडं दोन आहेत. फावडी आणि घमेली ज्यांच्याकडं असतील त्यांनी आणा. आई म्हणते चहा आमच्याकडून.