शाळेच्या मैदानावरील पाण्याचा बाण



पैठणची नाथषष्ठीची यात्रा संपली, किंवा गावातील एखाद्या लग्नाचा मांडव उतरला, की दुसऱ्या दिवशी सकाळी थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांचा खच पडलेला दिसतो. मुले त्या पायाने उडवीत शाळेत येतात. त्यांतील दोन लिटरची एक धड बाटली, रबराचे एक बूच, सायकलमध्ये हवा भरण्याचा पंप आणि तांब्याभर पाणी, एवढ्या साहित्यावर वीस-तीस मीटर उंच जाणारा बाण शाळेत तयार होतो. शहरांतील विज्ञानमंडळांत व छंदवर्गांत हा खेळ आता चांगलाच रुळला आहे. खेड्यातील शाळेने तो उचलावा की नाही, आणि उचलला तर कोणत्या रीतीने, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

बाण हा शब्द जाणूनबुजून योजिला आहे. अठराव्या शतकातील मराठी फौजांत दारू भरलेले बाण असत व त्यांना हेच नाव होते. हैदर व टिपू यांच्या लोखंडी नळीच्या बाणांचा अभ्यास करून इंग्रजांनी पुढे आपले बाण बनविले, हा इतिहास अनेकांस ठाऊक आहे. शाळेच्या बाणात मात्र दारूचा कण नसतो आणि नसावा. दिवाळीच्या फटाक्यांतील दारू काढून काही करून पाहण्याचा मोह मोठ्या मुलांना होतो. तो मोह शिक्षकाने पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत मोडून काढावा.

बाण का उडतो, हे समजण्यासाठी मुलांना शेतावरील अनुभव पुरेसा आहे. पंप चालू असता हातातील रबरी नळी सुटली, तर पाणी एकीकडे उडते आणि नळी दुसरीकडे फणा काढल्यासारखी फिरते. पाणी पुढे ढकलले गेले की नळी मागे ढकलली जाते. बाटलीचे तेच होते. न्यूटनने १६८७ मध्ये हा नियम ग्रंथरूपाने मांडला. आपल्याकडे तो नववीच्या पुस्तकात येतो. म्हणून सहावी-सातवीच्या मुलांस नियमाचे नाव सांगण्याची घाई करू नये. नळीची आठवण आधी, नाव मागाहून.

पाण्याला ढकलतो कोण? बाटलीत कोंडलेली हवा. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ जेवढा दाब देतो, तेवढा दाब सुमारे एका वातावरणाचा, म्हणजे पंपाच्या दाबमापकावर साधारण पंधरा पौंडांचा असतो. काटा पंचेचाळीसवर गेला, तर बाटलीतील पाण्यावर तीस मीटर खोल विहिरीच्या तळाशी असावा तसा दाब आला. शहरातील पाणचक्की बहुतेक शाळा सहलीत दाखवितात. तेथे लांबच्या झऱ्याचे पाणी मातीच्या बंद नळांतून येऊन उंचावरून पडते व जाते फिरविते. तेथे उंची जे काम करते, ते येथे पंप मारणाऱ्या मुलाचा दंड करतो. सहलीहून परत आल्यावर बाण उडविला, तर दोन्ही गोष्टी एकमेकींना उजळतात. या दाबाखाली पाणी सेकंदाला सुमारे चोवीस मीटर वेगाने बाहेर पडते आणि तांब्याभर पाणी रिकामे होण्यास सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. पुढची सारी चढण बाटली मिळालेल्या वेगावरच करते.

येथे एका शाळामास्तराचे स्मरण उचित होईल. रशियातील कलुगा या गावी कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की हे गणिताचे शिक्षक होते. लहानपणी तापाच्या आजारात त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती. बहुतेक विद्या त्यांनी ग्रंथालयात बसून स्वतःच संपादन केली. बाणाचा अखेरचा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो, बाहेर फेकलेल्या द्रव्याच्या वेगावर आणि भरलेल्या व रिकाम्या बाणाच्या वजनांच्या प्रमाणावर, हे सूत्र त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. मोठा बाण त्यांनी स्वतः कधी उडविला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला तो याच हिशेबावर. शाळेची बाटली या सूत्राच्या बाहेर नाही.

आता मुख्य मुद्दा. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते बाण उडवावा, टाळ्या व्हाव्यात, छायाचित्र निघावे आणि बाटली कपाटात जावी, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी होतो. त्यात वाईट काही नाही, पण शिक्षणही फारसे नाही. तो सोहळा होय. त्याच बाटलीतून शिक्षण काढावयाचे असेल, तर उडविण्यापूर्वी एक प्रश्न फळ्यावर लिहिला पाहिजे : बाटलीत पाणी किती भरले असता बाण सर्वांत उंच जाईल?

बहुतेक मुले म्हणतील, काठोकाठ. पाणी ढकलते, तर जास्त पाणी जास्त ढकलील, हा त्यांचा तर्क सरळ आहे आणि त्याला हसू नये. प्रत्येक मुलाने आपले उत्तर नावासह वहीत लिहावे. शिक्षकानेही आपले उत्तर लिहावे, आणि ते आधी उघड करू नये. गुरुजींचे उत्तर कळले की वर्गाची सारी उत्तरे तीच होतात. मग दाब तोच ठेवून पाच वेळा बाण उडवावा : प्रथम बाटली कोरडी, नंतर पाव, तिसरा हिस्सा, अर्धी व पाऊण भरलेली. कोरडी बाटली फट् आवाज करून थोडीशीच वर जाते. हवा हलकी, तिला फेकून धक्का कितीसा मिळणार? पाऊण भरलेली बाटली जड अंगाने उठते आणि लवकर खाली येते. तिच्यात पाणी भरपूर, पण ते ढकलणाऱ्या हवेला जागाच उरलेली नसते. सर्वांत उंच जाते ती सामान्यतः पाव ते तिसरा हिस्सा भरलेली. ज्या मुलाने काठोकाठ लिहिले होते, त्याला आपली चूक कोणी सांगावी लागत नाही. ती त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. परीक्षेतील चुकीखाली तांबडी रेघ येते व मूल वही मिटते. येथील चुकीनंतर तेच मूल विचारते, ‘मग पाव आणि तिसरा यांच्या मधले भरून पाहू का?’ हा प्रश्न एखाद्या मुलाच्या तोंडून आपणहून येईपर्यंत शिक्षकाने दम धरावा. दोन तासिका गेल्या तरी हरकत नाही.

‘दाब तोच ठेवून’ असे वर म्हटले खरे, पण खरी अडचण तेथेच आहे. बुचाच्या पद्धतीत बूच आपोआप सुटते, आणि ते किती दाबाला सुटेल हे किती घट्ट बसविले यावर ठरते. म्हणून बुचावर शाईची रेघ ओढावी व प्रत्येक वेळी त्या रेघेपर्यंतच ते बसवावे. दाबमापकाजवळ बसलेल्या मुलाने काटा मोठ्याने वाचीत राहावे. बूच सुटतेवेळचा आकडा वहीत जावा. आकडे फार विसंगत आले तर ते उड्डाण बाद करून पुन्हा करावे. सोयीचा आकडा ठेवून गैरसोयीचा पुसणे, ही खोड मोठ्या माणसांतही आढळते. ती येथेच अडवावी.

उंची मोजण्यास त्रिकोणमिती नको. कंपासपेटीतील कोनमापकाला दोऱ्याने खडा बांधून ओळंबा करावा, त्याच्या सरळ कडेवर पेय पिण्याची नळी चिकटवावी आणि बाणापासून तीस मीटरवर उभ्या असलेल्या मुलाने नळीतून बाणाचे शिखर पाहावे. तो कोन चौकटीच्या कागदावर काढावा, एक चौकट म्हणजे एक मीटर, आणि उंची मोजून घ्यावी. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची तीत मिळवावी. मोजणारे दोघे असावेत व समोरासमोर उभे असावेत. त्यांच्या उत्तरांत फरक येईलच; का आला, हे शोधणे हाही धडाच आहे. वारा दुपारी वाढतो, म्हणून उड्डाणे सकाळची बरी.

सुरक्षिततेबाबत सवलत नाही. बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच घ्यावी. ती दाब सोसण्यासाठीच बनविलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली, काचेची बाटली, चरे पडलेली वा उन्हात करकरीत झालेली बाटली वापरू नये. गरम डिंकाने बाटली नरम पडते. पंख चिकटपट्टीनेच लावावेत. टोकाला स्पंज किंवा फुटक्या रबरी चेंडूचा अर्धा भाग असावा, धातू कधीही नसावा. नवी बाटली पहिल्याने पूर्ण पाण्याने भरून दाबाखाली तपासावी : पाणी जवळजवळ आकुंचन पावत नाही, म्हणून भरलेली बाटली फुटली तर नुसती चिरते, हवेने भरलेली स्फोटासारखी फुटते. पंप व बाटली यांत पाच मीटर नळी असावी, पंप मारणाऱ्याने चष्मा लावावा, बाकीची मुले दहा मीटरवरील दोरीबाहेर राहावीत, वर विजेच्या तारा नसाव्यात. पन्नास पौंडांपलीकडे पंप मारू नये. तेवढ्यातही बूच सुटले नाही, तर बाटलीजवळ जाण्याचा मोह अनावर होतो आणि अपघात तेव्हाच होतात. यासाठी सायकलचा व्हॉल्व्ह बुचात न बसविता नळीच्या पंपाकडील टोकाला बसवावा. मग तो सैल करून लांबूनच दाब सोडता येतो. पंक्चरच्या दुकानातील कारागीर हे काम दहा मिनिटांत करून देतो. त्यालाच शाळेत बोलावून करून घेतले तर अधिक उत्तम. मुलांना तो गुरुजींपेक्षा निराळे काही शिकवून जाईल.

एक आक्षेप पालकांकडून येतो व तो रास्त आहे. ज्या मराठवाड्यात २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे शाळेने पाणी उडवून खेळावे काय? हिशेब असा आहे. एका उड्डाणास साधारण सहाशे मिलिलिटर पाणी लागते. वीस उड्डाणांस बारा लिटर, म्हणजे एक हंडा. पण टँकरमागे धावणाऱ्या घरी एक हंडाही थोडा नसतो, आणि तेथील आईला हा हिशेब सांगून तिचे समाधान होणार नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करूच नये. इतर वेळीही मध्यान्ह भोजनानंतर हात धुतलेले पाणी फडक्यातून गाळून वापरावे. बाणाला ते चालते. चौथरा परसबागेच्या कडेला मांडला, तर बाटलीतून सुटलेले पाणी भेंडी-वांग्यांच्या वाफ्यात पडते. चंद्रयान-३ ज्या दिवशी चंद्रावर उतरले तो २३ ऑगस्ट, २०२३ पासूनचा राष्ट्रीय अंतराळ दिन, पावसाळ्यात येतो. पाऊस बरा असेल तर पाण्याची चिंता नसते आणि मैदानावर गवत असल्याने पडणारी बाटलीही टिकते.

शेवटी वहीविषयी. दिनांक, पाणी, दाब, दोन्ही मोजणाऱ्यांचे कोन, काढलेली उंची, वारा, आणि कोणी काय अंदाज केला होता, एवढे रकाने पुरेत. ही वही वर्ग पुढे गेला तरी शाळेतच ठेवावी. पुढील वर्षीची मुले मागच्यांचे आकडे खोडून काढण्यासाठी हटकून बाण उडवितात. पंख तीन असावेत की चार, ही त्यांची पहिली भांडणे असतात. बाण लिंबाच्या झाडावर अडकला, तर कोणालाही वर चढू देऊ नये. बाटल्या पुष्कळ आहेत, दुसरी घ्यावी.