सीनेच्या काठानं, पायी
(मिरजगावात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं 'आयटीत करिअर कसं करावं' यावर बोलायला बोलावलंय, हे मला सकाळी कळलं. त्यावर चहा पिताना बोलू. मी तयारी करून आलोय ती चालण्याची.

मी याच गावचा. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, तेव्हापासून खुर्चीत आहे. पस्तिशीच्या आत डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट पुढं केला आणि म्हणाले, रोज चाला. मी ट्रेडमिल घेतली. आता तिच्यावर कपडे वाळत असतात.

2024 मध्ये अहमदनगरचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर रात्र रात्र वाद चालायचे. मीही त्यात पुढं होतो. एका रात्री कुणीतरी सहज विचारलं, "अहमद निजामशाहची कबर नगरात नेमकी कुठंय?" कुणालाच सांगता येईना. एकानं मॅपची लिंक टाकली, तीही चुकीची निघाली. माळीवाडा स्टँडवर शेकडो वेळा उतरलेली पोरं आम्ही! दवाखाना, कपडे, कॉलेजचा दाखला, एवढंच आमचं नगर. मला त्या रात्री स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी अम्मी आणि धाकट्या बहिणीला घेऊन गेलो. अम्मीचे गुडघे दुखतात, म्हणून वाट सोपी हवी होती. ती निघाली. चार-पाच किलोमीटर, चढ जवळजवळ नाही, पश्चिमेकडून पूर्वेकडं.

सुरुवात बाग रौज्यापासून करा. सीनेच्या जवळ, जुन्या गावाच्या बाहेर. काळ्या दगडाची देखणी इमारत, वर घुमट, आत अहमद निजामशाह. 1490 मध्ये त्यानं बहामनी फौजेला हरवलं आणि सीनेच्या डाव्या काठावर शहर वसवायचं ठरवलं. त्याचा बाप मलिक हसन मूळचा ब्राह्मण घरातला, आणि घराण्याचं नातं परभणीकडच्या पाथरीशी, असं फेरिश्ता हा इतिहासकार लिहितो. 'तुमचं मूळ कुठलं?' असं ऑफिसात मला कुणी विचारलं की मी पूर्वी चिडायचो. आता पाथरीची गोष्ट सांगतो. आवारात एका हत्तीचं स्मारक दाखवतात. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत रामरायाला पकडणारा गुलाम अली तो हाच, असं म्हणतात. अम्मी म्हणाली, "हाथी की बी कबर?" आणि तिथंच कठड्यावर बसली. पहिला मुक्काम.

तिथून नदी बघून या. नाकाला रुमाल लावूनच. नगरात सीना म्हणजे पाऊस सोडला तर सांडपाण्याचा ओघळ. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण हीच नदी पुढं निमगाव गांगर्ड्याच्या धरणात, म्हणजे आपल्या दारात येते. तिथं सोडलेली घाण इथं अडते. आणि याच नदीच्या काठी, आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, चौंडी आहे. 1725 मध्ये अहिल्याबाई तिथं जन्मल्या. पुढं त्यांनी माहेश्वरला, काशीला घाट बांधले, लोकांना नदीपाशी चालत उतरता यावं म्हणून. अहमद निजामशाहचं शहर आणि अहिल्याबाईंचं गाव एकाच पाण्यावर आहे, हे ग्रुपवर दोन वर्षं भांडूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चौंडीची फेरीही करा. मी केली.

परत शहराकडं वळा. दिल्ली दरवाजातून आत शिरलं की जुनं नगर सुरू होतं. गंमत म्हणजे सीनेकाठी असूनही हे शहर सीनेवर अवलंबून नव्हतं. निजामशाहीत डोंगराच्या पायथ्यापासून, कापूरवाडीसारख्या गावांतून, जमिनीखालनं खापरी नळांनी पाणी आणलं होतं. ना पंप, ना वीज, फक्त उतार. मी रोज ज्या सिस्टीम बनवतो त्या दोन वर्षांत जुन्या होतात. त्या नळांसमोर माझी डिग्री फिकी वाटली, खरंच सांगतो. आणखी एक: विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ नगरात ओतलेली आहे, 1549 मध्ये, रूमी खानानं. ओतकाम शिकणाऱ्या आयटीआयच्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

कापड बाजारातून चालताना मात्र त्रास होतो. फुटपाथ कुठं आहे, कुठं नाही, आणि आहे तिथं गाड्या लावलेल्या. बायकांसाठी स्वच्छतागृह शोधायला बहिणीला अर्धा तास लागला. त्याबद्दल मी एका कार्यालयात अर्ज दिलाय, तीन चकरा झाल्या, साहेब जागेवर नव्हते. चौथी मारणार आहे. तुमच्यातलं कुणी बरोबर आलं तर बरं, दोघं असलो की पोच तरी मिळते.

पुढं कोटला. बुऱ्हाण निजामशाहच्या काळात इथं मदरसा होता. मोहरमची सवारी तुम्हाला ठाऊकच आहे, तिच्या मागं कोण कोण चालतं तेही. अम्मीचा दुसरा मुक्काम इथं झाला.

मग भुईकोट किल्ला. चांदबीबीची गोष्ट सगळ्यांना येते, म्हणून ती सोडतो. 1942 ला इंग्रजांनी नेहरू, मौलाना आझाद आणि इतरांना इथं कोंडलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं. मौलानांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली, जी पाठवायची सोयच नव्हती. त्यात चिमण्या आहेत, पहाटेचा चहा आहे. 1943 मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते याच भिंतींत होते. बहीण हे ऐकून खंदकाकडं बघत बराच वेळ गप्प उभी राहिली. नंतर म्हणाली, "भाई, मी दोन वर्षं इथं कॉलेजला होते. कुणी बोललंच नाही." मी तरी कुठं बोललो होतो?

शेवट किल्ल्यापलीकडच्या दमडी मशिदीत. लहानशी, पण दगडावरचं कोरीवकाम बघत राहावं असं. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी काढून ती बांधली, अशी आख्यायिका आहे. अम्मीनं तिथं पिशवीतनं भाकरी काढली. गुडघ्यांबद्दल ती दिवसभर एकदाही बोलली नाही, बसमध्ये मात्र लागली!

तर, पुढच्या रविवारी परत जातोय. नगर दीडेक तासावर आहे, पहिल्या एसटीनं निघायचं, दुपारच्या आत चालणं संपवायचं. पाण्याची बाटली, टोपी आणि आधार कार्ड घ्या. किल्ला लष्कराकडं आहे, आत सोडतील की नाही ते त्या दिवशी कळेल. बहिणींना, आयांना आणा. त्यांच्या चालीनं आपण चालायचं. नावं माझ्याकडं द्या, आणि चहा आलाय, करिअरचं काय ते आता विचारा.