हळद नव्हे, सालई



पत्रिकेवर विषय छापला आहे : 'हळद आणि शरीरातली सूज'. हळदीबद्दलचं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. नागपूरशेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अमेरिकेतलं हळदीचं पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण 1997 साली रद्द करवून घेतलं. हळदीतलं कुर्क्युमिन काचेच्या बशीतल्या पेशींवर सुंदर काम करतं, पण पोटातून रक्तात ते जेमतेम उतरतं. (समोरून : "मग हळदीचं दूध बंद करायचं?") अहो, नाही! खुशाल घ्या. (हशा)

पण विदर्भाने अभिमानाने जगाला सांगावं असं झाड वेगळं आहे. ते म्हणजे सालई. मला आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

मेळघाटात उन्हाळ्यात गेलात तर खडकाळ उतारावर पानं झडलेली ही झाडं दिसतील. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटत असतात. बुंध्याला खाच दिली की सुगंधी चीक पाझरतो आणि हळूहळू घट्ट होतो. तो सालई गुग्गुळ. वैद्य सालईला शल्लकी म्हणतात.

आता हा चीक करतो काय? गुडघा सुजतो तेव्हा तिथे पांढऱ्या पेशी जमतात. त्यांच्या आवरणातून अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल सुटतं आणि त्याला पुढे दोन वाटा असतात. एका वाटेने प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. अ‍ॅस्पिरिन ही वाट अडवतं, हे जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवलं आणि 1982 चं नोबेल मिळवलं. दुसऱ्या वाटेवर 5-लायपॉक्सिजनेज नावाचं विकर बसलेलं असतं. ते ल्यूकोट्राइन बनवतं, ल्यूकोट्राइन आणखी पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात आणि सूज चढत जाते. सालईतली बॉस्वेलिक आम्लं नेमकी या विकराला धरतात. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी हे 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवलं. 2020 साली सालईच्या रेणूसह त्या विकराची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा तर कमालच झाली. सालईचा रेणू विकराच्या मुख्य कप्प्यात शिरतच नाही, बाजूच्या खाचेत बसतो. काम बंद पडत नाही, त्याची दिशा बदलते. ल्यूकोट्राइन कमी होतात आणि सूज ओसरवणाऱ्या पदार्थांकडे पेशी वळते.

आणि आता आपल्या नागपूरची गोष्ट. 2003 साली 'फायटोमेडिसिन' या नियतकालिकात गुडघ्याच्या झिजेवरची एक चाचणी छापून आली. ती झाली होती इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेयोत! रुग्ण 30. निम्म्यांना सालईचा अर्क, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. 8 आठवड्यांनी मध्ये खंड ठेवून अदलाबदल. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. अर्क घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालणं वाढलं. एक्स-रेत मात्र काही बदल नव्हता, आणि तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. 2007 साली नागपूरच्याच दुसऱ्या चाचणीत 66 रुग्णांवर 6 महिने वाल्डेकॉक्सिब या वेदनाशामक गोळीशी तुलना झाली. त्या गोळीने महिन्याभरात आराम पडला, पण गोळी थांबताच तो गेला. सालईचा गुण यायला दोन महिने लागले, पण औषध थांबवल्यावरही महिनाभर टिकला.

पहिल्या रांगेतले डॉक्टर मान हलवताहेत. 30 माणसं म्हणजे काय पुरावा, असंच ना? मान्य. 30 थोडेच आहेत. पण मग 300 का नाही झाले? वीस वर्षं उलटून गेली! मला राग येतो तो इथे.

हे झाड आपण कशात घालवलं ते सांगतो. नेपानगरचा वृत्तपत्र-कागदाचा कारखाना 1956 च्या एप्रिलमध्ये नेहरूंनी सुरू केला, तेव्हा तो भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी आपलं नागपूर. त्या कागदाचा लगदा कशाचा? सालईचा आणि बांबूचा. इथे बसलेल्या ज्येष्ठांनी सकाळच्या चहाबरोबर सालई वाचली आहे. (हशा) उरलेली खोक्यांना गेली, काड्यापेट्यांना गेली. आणि डिंक काढताना आजही काही ठिकाणी इतक्या खोल खाचा घालतात की झाडच वाळतं. उथळ, अरुंद खाच घेतली आणि झाडाला विसावा दिला तर ते वर्षानुवर्षं चीक देतं. डिंक गोळा करणाऱ्या आदिवासी माणसाच्या हाती त्यातलं किती पडतं, हा तर स्वतंत्र...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, दोनच गोष्टी.

एक : उद्या सकाळी दुकानात जाऊन सालईची बाटली आणू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. दुसरी विनंती मेयो आणि मेडिकल कॉलेजमधल्या तरुण डॉक्टरांना : गुडघेदुखीचे रुग्ण रोज तुमच्या ओपीडीच्या रांगेत उभे असतात आणि झाड मेळघाटात उभं आहे. 300 रुग्णांची चाचणी हाती घ्या, आणि निकाल जो येईल तो छापा.