साबुदाण्याचा चोथा आणि प्लास्टिक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



परवाच्या एकादशीला आपणांपैकी बहुतेकांच्या घरी साबुदाण्याची खिचडी झाली असेल. तो साबुदाणा बहुधा तामिळनाडूतील सेलमकडचा. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला, तेव्हा तेथे टॅपिओकाच्या कंदापासून तो करण्याचा धंदा उभा राहिला. कंद किसून व धुऊन सत्त्व काढले की मागे ओला चोथा उरतो. त्यास तिकडे ‘तिप्पी’ म्हणतात. कितीही धुतले तरी त्यात पुष्कळ पिष्ट अडकून राहते. वाळलेल्या चोथ्यात ते निम्म्याच्या आसपास, कित्येकदा अधिकच भरते. याच पिष्टापासून मातीत मिसळणारे प्लास्टिक करता येते, असे आम्ही म्हटले तर आपणांस नवल वाटेल.

पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ. विकरांनी ती तोडली की ग्लुकोज मोकळे होते. त्यास लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचे विरजण लावले की दुग्धाम्ल तयार होते. आपल्या दह्याला आंबटपणा येतो तो याच अम्लाने. ते शुद्ध करून त्याचे रेणू पुन्हा एकमेकांस जोडले की पॉलिलॅक्टिक अॅसिड हे पारदर्शक, कडक, पेले-वाट्या करण्याजोगे प्लास्टिक मिळते. एक माळ तोडून दुसरी ओवावयाची, इतकेच. दुसराही मार्ग आहे. १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मॉरिस लेम्वान्य यांना एका जिवाणूच्या शरीरातच आयते प्लास्टिक सापडले. आपण चरबी साठवितो, तसे ते जिवाणू उपासमारीसाठी ते साठवितात.

परंतु दुग्धाम्लाच्या वाटेत एक अडचण आहे. आंबटपणा वाढला की जिवाणू स्वतःच थंडावतात. म्हणून चुना घालून आंबटपणा मारीत राहावे लागते, आणि अखेर गंधकाम्ल घालून दुग्धाम्ल सोडवावे लागते. त्यात टनभर दुग्धाम्लामागे सुमारे टनभर जिप्सम उरते. चोथा संपविण्यास निघालो आणि पांढऱ्या चिखलाचा ढीग लावून बसलो! अधिक आंबटपणा सोसणारी यीस्ट वापरून हे टाळण्याची पद्धतही निघाली आहे. शिवाय चोथा वाळवून पशुखाद्यात घालतात. त्यास ‘टाकाऊ’ म्हणताना गुरांचाही विचार व्हावा.

आता आमचीच फजिती सांगतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. पुढे एका सहलीसाठी ‘कुजणारे’ पेले आम्हीच आग्रहाने आणविले आणि नंतर अंगणातील खतखड्ड्यात पुरले. सहा महिन्यांनी उकरले, तो पेले जसेच्या तसे! दुकानदार खोटे बोलला नव्हता. हे प्लास्टिक कुजते खरे, पण सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या मोठ्या खतढिगात. गटारात किंवा समुद्रात पडले तर ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते.

तेव्हा महोत्सवाच्या भोजनासाठी असे पेले मागविण्याचा जो ठराव कार्यकारिणीपुढे आहे, त्यास आमची एक उपसूचना आहे. आपल्या शहरात तसा खतप्रकल्प आहे काय, आणि तो आपले पेले घेईल काय, हे आधी विचारावे. नसल्यास पत्रावळी आणि स्टीलचे पेले मांडावेत. पेले विसळण्यास आम्ही स्वतः नळापाशी उभे राहू.