मोनॅडनॉक : सहा फूट जाडीची भिंत

शिकागो शहराच्या मध्यवस्तीत, जॅक्सन बुलेव्हार्ड आणि डिअरबॉर्न स्ट्रीट जिथे मिळतात तिथे जांभळट तपकिरी विटांची एक लांबलचक, अरुंद इमारत उभी आहे. तिचे नाव मोनॅडनॉक. उंची 215 फूट, मजले सोळा आणि त्यावर पोटमाळा. लांबून पाहणाऱ्याला ती एकच इमारत वाटते. पण तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 मध्ये पुरा झाला आणि दक्षिणेकडचा 1893 मध्ये, आणि हे दोन भाग बांधण्याच्या रीती अगदी वेगळ्या आहेत.

1871 च्या आगीत शिकागोचा मोठा भाग जळून गेला होता. शहर पुन्हा उभे राहू लागले तसे मध्यवस्तीतल्या जमिनीचे भाव चढत गेले. लिफ्ट आल्यामुळे वरचे मजलेही चांगल्या भाड्याने जाऊ लागले. मग जागा थोडी आणि मजले जास्त, हे गणित मालकांना पटायला वेळ लागला नाही. 1885 मध्ये विल्यम ल बॅरन जेनी यांनी इथेच होम इन्शुरन्स कंपनीची दहा मजली इमारत लोखंड आणि पोलादाच्या सांगाड्याच्या आधाराने उभी केली. म्हणजे मोनॅडनॉकचे बांधकाम सुरू झाले तेव्हा सांगाड्याची युक्ती शहरात माहीत झालेली होती.

तरीही उत्तरेकडच्या भागाच्या बाहेरच्या भिंती विटेच्याच झाल्या. मालक होते बॉस्टनचे पीटर आणि शेफर्ड ब्रुक्स हे बंधू. शिकागोतला त्यांचा कारभार ओवेन आल्डिस पाहत. वास्तुशिल्पी म्हणून डॅनियल बर्नहॅम आणि जॉन वेलबॉर्न रूट यांची निवड झाली. इमारतीचा विचार 1884 च्या सुमारास सुरू झाला, पण काम बरीच वर्षे रेंगाळले.

या काळात रूट यांचे नकाशे बदलत गेले. सुरुवातीच्या आराखड्यांत प्राचीन इजिप्तच्या धाटणीची नक्षी होती. पीटर ब्रुक्स यांना ती नको होती. भिंतीबाहेर आलेल्या प्रत्येक कंगोऱ्यावर धूळ साचणार, कबुतरे आणि चिमण्या बसणार, आणि इमारतीच्या मजबुतीत मात्र काडीची भर पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हा हिशेबी माणसाचा आक्षेप होता, कलासमीक्षकाचा नव्हे. पण त्यातून जे उभे राहिले त्याची वाखाणणी पुढे लुई सलिव्हन यांच्यासारख्या वास्तुशिल्पीने केली. नक्षी गेली, इजिप्तचा घाट तेवढा उरला. भिंत खाली रुंद आहे, पहिल्या मजल्यानंतर किंचित आत वळते, सरळ वर जाते आणि माथ्याशी पुन्हा हलकेच बाहेर झुकते. कोपऱ्यांची धारही वर जाताना बोथट होत जाते. हे वळण साधण्यासाठी खास साच्यातल्या विटा पाडून घ्याव्या लागल्या.

एका बाबतीत मात्र भिंत बाहेर येऊ दिली गेली. खिडक्यांच्या उभ्या रांगा पदपथाच्या वर पुढे काढल्या आहेत. त्यामुळे आत उजेड वाढला आणि भाड्याने द्यायची जागाही वाढली. या कंगोऱ्यातून भाडे येत होते.

विटेच्या भिंतीवर मजल्यांचा भार पेलायचा तर एक ठोकताळा होता. सर्वांत वरच्या मजल्याला भिंत बारा इंच, आणि खालच्या दर मजल्याला चार-चार इंच वाढ. सोळा मजल्यांचा हिशेब केला तर तळाला बहात्तर इंच, म्हणजे सहा फूट जाडी येते. मोनॅडनॉकच्या भिंती तळाशी तेवढ्याच जाड आहेत. इमारतीची रुंदी अवघी 66 फूट. म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून सुमारे बारा फूट विटांत गेले, आणि तेही तळमजल्यावर, जिथे दुकानांचे भाडे सर्वांत जास्त. या रीतीने आणखी मजले चढवायचे तर खाली खोल्यांना जागाच उरली नसती. आतमध्ये मात्र लोखंडी खांब आणि तुळया आहेत. इमारत उंच आणि निरुंद असल्याने वाऱ्याचा रेटा सोसण्यासाठी त्यांची जोडणी मुद्दाम ताठ केली होती. जिन्यांमध्ये ॲल्युमिनियम वापरले, जो तेव्हाच्या बांधकामात जवळजवळ न पाहिलेला धातू होता.

एवढे वजन ठेवायचे कुठे, हा प्रश्न त्याहून अवघड. शिकागोखालची जमीन सरोवराकाठची मऊ चिकणमाती आहे आणि खडक फार खोल. रूट यांनी पोलादी पट्ट्यांचे आडवे-उभे थर काँक्रीटमध्ये बसवून पसरट तराफ्यासारखा पाया केला. तो भिंतींच्या बाहेर, रस्त्याखालीही गेला होता. इमारत आठ इंच खचेल असे धरूनच आखणी केली होती. पुढच्या पन्नास वर्षांत ती सुमारे वीस इंच खचली. आत जाताना आज पायरी उतरावी लागते, ती त्यामुळेच.

रूट यांना पुरी झालेली इमारत पाहता आली नाही. जानेवारी 1891 मध्ये न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला, वयाच्या अवघ्या 41 व्या वर्षी. बर्नहॅम 1893 च्या जागतिक प्रदर्शनाच्या उभारणीत गुंतले. दक्षिणेकडचा भाग मग विल्यम होलाबर्ड आणि मार्टिन रोश यांच्याकडे गेला. त्यांनी पोलादी सांगाडा वापरला. भिंत आता भार वाहणारी न राहता सांगाड्यावर चढवलेले आवरण झाली, आणि नक्षीही थोडी परत आली. हा भाग उत्तरेकडच्यापेक्षा सुमारे 15 टक्के स्वस्त पडला, वजनाला तेवढाच हलका झाला, आणि भाड्याची जागा तेवढीच वाढली. ब्रुक्स बंधूंसारख्या मालकांना याहून वेगळा पुरावा नको होता.

इमारतीच्या चार हिश्श्यांना न्यू इंग्लंडमधल्या डोंगरांची नावे दिली होती: मोनॅडनॉक, किअरसार्ज, कटाडिन आणि वाचुसेट. त्यांतले पहिलेच नाव टिकले. भूगोलाच्या पुस्तकांत झिजलेल्या सपाट प्रदेशात एकटा उरलेला टणक डोंगर म्हणून जी 'मोनॅडनॉक' संज्ञा येते, तीही न्यू हॅम्पशायरमधल्या त्याच डोंगरावरून आलेली.

पुरी झाली तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी कार्यालयीन इमारत होती. सुमारे 1,200 खोल्या आणि सहा हजारांवर माणसे तिथे काम करत. 1938 मध्ये आतला भाग काळानुरूप करताना जुने बरेचसे झाकले गेले. 1979 पासून जुने फोटो आणि नकाशे समोर ठेवून मोझेकची जमीन, दिवे आणि लाकूडकाम पूर्ववत करण्याचे काम सुरू झाले. ते तेरा वर्षे चालले. होम इन्शुरन्सची इमारत 1931 मध्येच पाडली गेली होती. मोनॅडनॉकमध्ये आजही कार्यालये आहेत, आणि तळमजल्यावर लहान दुकाने चालतात.