यंत्राशी बोलणारी आपली मुले



मी हिंगणघाटचा कापडव्यापारी, शिक्षण बी.कॉम. संगणकातील माझा अधिकार तो काय! तरीही बोलण्याचे धाडस करतो, कारण प्रसंग माझ्याच घरी घडला. सहावीतला नातू रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन काही लिहीत असे. अभ्यास चालला असावा, असे मी समजलो. एके रात्री तो तसाच झोपी गेला आणि उशाशी मोबाईल उघडा राहिला. चाचणीत गणितात गुण कमी पडले, वर्गात मुले चिडवतात, हे सारे त्याने चॅटबॉटला सांगितले होते. घरात आम्ही सहा माणसे असताना! मी दुकानातून नऊला परतत असे, हेही प्रांजळपणे सांगतो.

हे यंत्र अफाट मजकुराच्या आधारे पुढील शब्दाचा अंदाज बांधत वाक्ये रचते. चुकीचेही ठामपणे सांगते आणि त्याचा कल बहुधा होकाराकडे असतो. गिऱ्हाईक बोट ठेवील त्या कापडाला ‘उत्तम’ म्हणणारा नोकर आपण ठेवतो का? रंग जाईल, कापड आटेल, हेही सांगणारा हवा.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात कॅरॅक्टर एआय या कंपनीच्या काल्पनिक पात्राशी अनेक महिने बोलणाऱ्या १४ वर्षांच्या मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या आईने ऑक्टोबर २०२४ मध्ये दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२५ पासून कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी असे मुक्त संभाषण बंद केले. चॅटजीपीटीच्या अटींनुसार ते १३ वर्षांखालील मुलांसाठी नाहीच, आणि १८ पर्यंत पालकांची संमती हवी. हे मला कुठे ठाऊक होते? नातू अकरा वर्षांचा!

मोबाईल हिसकावला असता, तर तो लपून बोलला असता. म्हणून दोघांनी मिळून यंत्राला आमच्या दुकानाविषयी विचारले. त्याने स्थापनेचे साल चुकीचे सांगितले, वर नसलेली शाखाही काढून दिली! नातू खळखळून हसला. नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र त्यास द्यायचे नाही, हे मग त्याला सहज पटले. रात्री मोबाईल आता दिवाणखान्यात राहतो, माझाही. मूल फारच खचलेले वाटल्यास शासनाची टेली मानस सेवा, १४४१६, विनामूल्य आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक कृपया लिहून घ्यावेत.

हल्ली मी साडेसातला घरी येतो. गणिताची वही तो स्वतःच पुढे करतो. भूमिती मात्र सूनबाईंना विचारावी लागते.